वचनांचा जमाखर्च

१९९३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जनरल मोटर्स या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने आदल्या वर्षाचा आपला हिशेब जाहीर केला. १९९२ या एका वर्षात कंपनीला साडेतेवीस अब्ज डॉलर, म्हणजे दोन हजार तीनशे पन्नास कोटी डॉलर, इतका तोटा आला होता. तोवर अमेरिकेतील कोणत्याही कंपनीने एका वर्षात एवढा तोटा दाखवलेला नव्हता. परंतु या तोट्याची फोड करून पाहिली की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. त्यातला अडीच अब्जांहून थोडा अधिक तोटा कंपनीच्या नेहमीच्या कारभारातला होता. उरलेले जवळजवळ एकवीस अब्ज डॉलर कोणत्याही व्यवहारात बुडालेले नव्हते. कारखान्याला आग लागलेली नव्हती, मोठे कूळ दिवाळखोर झालेले नव्हते, आणि त्या रकमेपायी त्या वर्षी तिजोरीतून एक डॉलरही बाहेर पडलेला नव्हता. झाले होते ते इतकेच, की कंपनीने हिशेबाचे एक नवे मानक अंगीकारले होते.

हिशेबाची रीत बदलल्याने एवढा मोठा तोटा उभा राहावा, याचा उलगडा होण्यासाठी चार दशके मागे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींना अमाप मागणी आली. कामगार हवे होते, आणि संप परवडत नव्हता. मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रूथर हे मोठे कल्पक पुढारी. वृद्धांच्या पोटापाण्याची आणि औषधपाण्याची जबाबदारी राष्ट्राने उचलावी, असे त्यांचे मत होते. अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडलीही होती. पण ती काँग्रेसमध्ये अडून राहिली. जे सरकारकडून मिळेना ते मालकाकडून घ्यावे, असा मार्ग मग रूथर यांनी धरला. १९५० च्या मे महिन्यात जनरल मोटर्सचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन आणि रूथर यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्याला ‘डेट्रॉइटचा तह’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळणारी रक्कम धरून महिना १२५ डॉलर निवृत्तिवेतन, आणि रुग्णालयाच्या विम्याचा निम्मा हप्ता कंपनीकडे, ही त्यातली महत्त्वाची कलमे. पुढच्या दीड दशकात आरोग्यविम्याचे हे छत्र निवृत्त कामगारांवरही धरले गेले. १९७० साली ६७ दिवसांचा संप झाला, आणि तीस वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला लवकर निवृत्त होण्याची वाट त्यानंतर मोकळी झाली. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी कारखान्यात शिरलेला मनुष्य पन्नाशीच्या आसपास घरी बसू लागला, आणि त्याच्या व त्याच्या पत्नीच्या औषधोपचाराचा खर्च मरेपर्यंत कंपनीच्या माथी आला.

व्यवस्थापकांनी ही वचने इतक्या सढळपणे का दिली, हा प्रश्न सहज मनात येतो. व्यापाराची भरभराट हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण हिशेबाच्या वहीत होते, आणि ते फारसे कोणी बोलून दाखवले नाही. कामगाराची मजुरी तासाला दहा सेंटांनी वाढवली, तर त्याच वर्षीच्या नफ्यात खड्डा पडतो, लाभांश घटतो, भागधारक जाब विचारतात. उलट, निवृत्तीनंतर औषधाचा खर्च देऊ असे वचन दिले, तर त्या वर्षीच्या नफ्याला धक्काही लागत नाही. ज्या वर्षी औषधाचे पैसे प्रत्यक्ष चुकते होतील त्या वर्षी ते खर्ची टाकायचे, अशी त्या काळची रूढ रीत होती. जुन्या पेढीवरच्या कारकुनाची हीच रीत: रोजकीर्दीत पैसा उतरला तरच तो खतावणीत चढायचा. कारखाना तरुण होता, निवृत्तांची संख्या थोडी होती, आणि वैद्यकीय उपचार स्वस्त होते. त्यामुळे मजुरीच्या वाटाघाटी अडल्या की पगाराऐवजी वचन देऊन गाडे पुढे ढकलण्याची सवय दोन्ही पक्षांना लागली. वचन देणारा अधिकारी आणि ते फेडण्याची पाळी आलेला अधिकारी यांच्यामध्ये तीस वर्षांचे अंतर असे.

अशा वचनांचे काय होते, याची पहिली चुणूक १९६३ मध्येच मिळाली होती. त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टुडबेकर कंपनीने इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील आपला मोटारींचा कारखाना बंद केला. निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसा नव्हता. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांचे निभावले. चाळीस ते साठ वर्षांच्या दरम्यानच्या सुमारे चार हजार कामगारांच्या हाती मात्र त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी शेकडा पंधरा एवढेच पडले, आणि चाळिशीच्या आतल्यांना काहीच मिळाले नाही. या प्रकरणाचा बोभाटा दहा वर्षे चालला आणि १९७४ मध्ये निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा कायदा झाला. निधी बाजूला काढून ठेवणे कंपन्यांना भाग पडले, आणि ठराविक वर्षे नोकरी केलेल्याचा हक्क अबाधित ठरला. पण या कायद्याने निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा यांत भेद केला. निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का झाला. औषधोपचाराचे वचन होते तसेच, निव्वळ शब्दावर, राहिले. त्यासाठी निधी नको, आणि ताळेबंदात नोंदही नको. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या भेदात आहे.

१९८६ च्या जुलैत एलटीव्ही ही पोलाद कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि तिने आपल्या सुमारे ७८,००० निवृत्त कामगारांचा आरोग्यविमा तडकाफडकी बंद केला. त्यावर एवढा गहजब उडाला, की कंपनीला तो पुन्हा सुरू करावा लागला आणि काँग्रेसने १९८८ मध्ये या विषयापुरता कायदा केला. पण त्या निमित्ताने भागधारकांना आणि सावकारांना एक प्रश्न पडला. हे देणे जर एवढे मोठे होते, तर ते कंपनीच्या ताळेबंदात कोठे होते?

ते कोठेच नव्हते. अमेरिकेत हिशेबाची मानके ठरवण्याचे काम १९७३ पासून ‘फायनॅन्शियल अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्ड’ हे मंडळ करीत आले आहे. ते सरकारी खाते नव्हे. पण रोखेबाजारावर देखरेख करणारा सरकारी आयोग त्याची मानके प्रमाण मानतो, आणि त्यामुळे त्यांना कायद्याचे वजन येते. या मंडळाने १९८९ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला, हरकती मागवल्या, आणि १९९० च्या डिसेंबरात मानक क्रमांक १०६ जाहीर केले. १५ डिसेंबर १९९२ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षापासून ते मोठ्या कंपन्यांना लागू व्हायचे होते. ज्यांना हौस असेल त्यांनी आधी अंगीकारावे, अशीही मुभा होती.

मानकाचे तत्त्व साधे होते. निवृत्तीनंतरचा औषधोपचार ही मालकाने केलेली मेहेरबानी नसून तो मजुरीचाच लांबणीवर टाकलेला भाग आहे. कामगार ज्या वर्षी राबतो त्या वर्षी ते देणे निर्माण होते. मग ते फिटो कधीही. म्हणून ते त्याच वर्षी खर्ची पडले पाहिजे. मराठीत ‘देणे’ या शब्दाला क्रिया आणि कर्ज असे दोन्ही अर्थ आहेत. मंडळाचे म्हणणे असे, की दुसरा अर्थ पहिल्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

तत्त्व साधे असले तरी गणित बिकट होते. आज तिशीत असलेला कामगार किती वर्षे जगेल, तो कधी निवृत्त होईल, तीस वर्षांनी शस्त्रक्रियेला किती खर्च येईल, हे सर्व अदमासाने ठरवायचे, आणि ती भविष्यातली रक्कम व्याजाच्या दराने आजच्या किमतीत उतरवायची. या उतरवणुकीत केवढा फरक पडतो, ते एका उदाहरणाने कळेल. तीस वर्षांनी द्यावयाचा एक रुपया शेकडा आठ दराने आज दहा पैशांइतका भरतो. शेकडा सहा दराने तोच सतरा पैशांच्या वर जातो. दरात दोन टक्क्यांचा फरक, आणि देणे पावणेदोनपट! कंपन्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. ज्या आकड्याचा एवढा भरवसा नाही, तो ताळेबंदात घालून लोकांची दिशाभूल कशाला करायची, असा त्यांचा सवाल होता. मंडळाचे उत्तर चोख होते. अंदाज चुकू शकेल हे कबूल. पण नोंदच न करणे म्हणजे देणे शून्य आहे असे सांगणे, आणि ते तर निश्चितच खोटे आहे. या वादात मंडळाची बाजू न्यायाची होती, यात शंका घेण्याचे कारण नाही.

आता प्रश्न उरला मागील बाकीचा. नव्या रीतीने हिशेब सुरू करायचा, तर चाळीस वर्षे न मांडलेले देणे कोणत्या वर्षाच्या डोक्यावर ठेवायचे? मानकाने दोन वाटा दिल्या. सारी बाकी एकदम एकाच वर्षी खर्ची टाकावी, किंवा ती कामगारांच्या उरलेल्या नोकरीच्या काळात, अथवा वीस वर्षांत, थोडी थोडी पसरावी. वरवर पाहता कोणताही सावध व्यवस्थापक दुसरी वाट धरील असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक बड्या कंपन्यांनी पहिली धरली, आणि त्यात त्यांचा धूर्तपणा दिसतो. एकदम खर्ची टाकलेली रक्कम नफातोटापत्रकात ‘हिशेबाच्या पद्धतीत बदल झाल्याचा परिणाम’ म्हणून तळाशी वेगळ्या ओळीत दाखवता येई. तो तोटा कोणाच्याच नाकर्तेपणाचा ठरत नसे, आणि पुढच्या वर्षांचे नफे त्या मानाने उजळ दिसत. वीस वर्षे दरसाल टोचणी लावून घेण्यापेक्षा एकदाच घाव सोसावा, हा हिशेब त्यामागे होता.

आयबीएमने १९९१ च्या पहिल्या तिमाहीतच सुमारे २.३ अब्ज डॉलर खर्ची टाकले, आणि नफ्यातली तिमाही तोट्यात गेली. फोर्डचा १९९२ चा तोटा ७.४ अब्ज डॉलर. त्यातला फार मोठा भाग हिशेबाच्या बदलांचा. सर्वांत मौजेचे उदाहरण क्रायस्लरचे. १९९३ साली तिचा व्यापार इतका जोरात चालला, की हिशेबातील बदल बाजूला ठेवला तर नफा २.४ अब्ज डॉलर भरत होता. आणि बदल धरला तर त्याच वर्षी सुमारे अडीच अब्ज तोटा! त्याच मोटारी, तीच विक्री, तीच तिजोरी. कंपनीचे ते वर्ष चांगले गेले की वाईट, याचे उत्तर पत्रकातील कोणती ओळ वाचायची यावर अवलंबून राहिले.

जनरल मोटर्सची बाकी या सर्वांहून मोठी होती. देण्याची आजची किंमत सुमारे ३३ अब्ज डॉलर निघाली. ते देणे पुढे फेडताना आयकरात जी सूट मिळेल ती वजा जाता सुमारे २०.८ अब्ज उरले, आणि ते १९९२ च्या हिशेबात एकदम पडले. आधीच्या वर्षीही कंपनी सुमारे साडेचार अब्जांनी तोट्यात होतीच. या दुहेरी माऱ्याने भागधारकांचे म्हणून जे भांडवल आणि जी गंगाजळी वहीत दिसत होती, ती १९९२ अखेर सुमारे ६ अब्जांवर आली. पाऊण शतकाहून अधिक काळाची जमवाजमव वहीच्या एका पानावर आटली.

तरीही कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला नाही. १९९३ अखेर तो वर्षारंभापेक्षा बराच वर होता. याचे कारण उघड आहे. हे देणे आहे, हे मानक जाहीर झाल्यापासून बाजाराला ठाऊक होते; नव्या पद्धतीने ते निर्माण केले नव्हते, फक्त मोजले होते. हिशेबाच्या बदलाने पैसा हलत नाही, असे मानणाऱ्या पंडितांना हा मोठाच पुरावा वाटला.

पण बाजाराला जे आधी ठाऊक होते ते कामगाराला नव्हते, आणि पैसा हलला तो पुढे, त्याच्या घरात. जोवर देणे अदृश्य होते तोवर ते कमी करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. ते ताळेबंदावर आले, आणि त्यात कपात केली की तेवढाच नफा वर दिसू लागला. वैद्यकीय खर्च दरसाल भडकत होता, ही गोष्ट खरी. मानक आले नसते तरी कंपन्यांनी केव्हातरी हात आखडता घेतलाच असता. परंतु नव्या मानकाने त्यांना आकडा दिला, आणि सबबही दिली. निवृत्तांसाठी कंपनी खर्च करील त्या रकमेला कमाल मर्यादा घालणे, हप्त्याचा भाग त्यांच्यावर टाकणे, नव्या नोकरांना हा लाभ मुळीच न देणे, असे प्रकार सर्रास सुरू झाले. दोनशेहून अधिक नोकर असलेल्या ज्या अमेरिकन कंपन्या आपल्या नोकरांना आरोग्यविमा देत, त्यांपैकी १९८८ मध्ये शेकडा ६६ कंपन्या तो निवृत्तांनाही देत होत्या. २०१३ मध्ये हे प्रमाण शेकडा २८ वर आले.

जनरल मोटर्सच्या पगारदार नोकरांनी, म्हणजे कारकून, अभियंते, अधिकारी यांनी, या कपातीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती. मरेपर्यंत फुकट आरोग्यविमा मिळेल असे कंपनीने पुस्तिकांतून व पत्रांतून सांगितले होते, हे त्यांचे म्हणणे. कंपनीने योजनेच्या मूळ कागदाकडे बोट दाखवले: योजना बदलण्याचा वा बंद करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे, असे त्यात लिहिले होते. १९९८ साली अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वचन सोडण्याची मोकळीक ज्याने स्वतःकडे ठेवली होती, त्याच्या ताळेबंदात ते वचन बांधील देणे म्हणून उभे होते. हिशेबनीस आणि न्यायाधीश यांची ‘देणे’ या शब्दाची व्याख्या एक नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

कारखान्यातील कामगारांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागे संघटना आणि करार होता. २००७ च्या सप्टेंबरात दोन दिवसांचा संप होऊन तोड निघाली, की निवृत्त कामगारांच्या औषधोपचाराचे सारे देणे एका स्वतंत्र विश्वस्तनिधीकडे जावे, कंपनीने त्यात ठरलेली रक्कम भरावी आणि १ जानेवारी २०१० पासून मोकळे व्हावे. ती तारीख उजाडण्याआधीच, १ जून २००९ रोजी, जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. निधीला द्यावयाच्या रोख रकमेच्या मोठ्या भागाऐवजी नव्या कंपनीचे साडेसतरा टक्के शेअर, साडेसहा अब्ज डॉलरचे अग्रहक्काचे शेअर आणि अडीच अब्जांची कर्जचिठ्ठी मिळाली. १९५० मध्ये रूथर यांनी मजुरीऐवजी वचन घेतले होते. त्यांच्या वारसांना वचनाऐवजी त्याच कंपनीची भागीदारी घ्यावी लागली. पासष्टी उलटलेल्या पगारदार निवृत्तांचा आरोग्यविमा तर १ जानेवारी २००९ पासूनच बंद झाला होता. त्याबद्दल त्यांना महिना ३०० डॉलर जादा निवृत्तिवेतन मिळाले.

मधल्या काळात, २००५ मध्ये, मंडळाने बदलाची नोंद करण्याची रीतही बदलली. मानकात वेगळे सांगितलेले नसेल, तर पद्धत बदलल्याचा परिणाम चालू वर्षाच्या नफ्यावर न टाकता मागील वर्षांचे आकडे नव्याने मांडावेत, असे ठरले. १९९२ सारखा तोटा त्यामुळे आज सहसा दिसणार नाही.

ज्या वर्षी डेट्रॉइटचा हा विश्वस्तनिधी सुरू झाला, त्याच वर्षी भारतातील बँकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. २७ एप्रिल २०१० रोजी बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात समझोता झाला, आणि पूर्वी निवृत्तिवेतनाचा पर्याय न स्वीकारलेल्या नोकरांना तो पुन्हा देण्यात आला. त्याच वर्षी ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा साडेतीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. सनदी लेखापालांच्या संस्थेचे पंधराव्या क्रमांकाचे मानक सांगत होते, की नोकरांना दिलेला लाभ ज्या सेवेबद्दल आहे ती झालेली असेल, तर त्याचा खर्च मांडलाच पाहिजे. तो एकदम मांडला असता तर कित्येक सरकारी बँकांचा नफा धुऊन निघाला असता. तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०११ च्या फेब्रुवारीत हा बोजा २०१०-११ पासून पाच वर्षांत पसरवण्याची परवानगी दिली. डेट्रॉइटमध्ये व्यवस्थापकांनी जो घाव आपखुशीने एकदम घेतला, तो येथे नियामकाने पाच हप्त्यांत वाटून दिला.

बँका निदान हिशेब तरी मांडतात. केंद्र आणि राज्य सरकारांचे हिशेब आजही रोखीच्या पद्धतीवर चालतात. पैसा गेला की खर्च, तोवर काही नाही. सरकारी हिशेबांची मानके सुचवण्यासाठी २००२ मध्ये एक सल्लागार मंडळ स्थापन झाले आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरांसाठी अंशदानावर चालणारे निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि २०२२ पासून राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुनी, ठराविक निवृत्तिवेतनाची योजना परत आणण्याचे ठरवले. त्या निर्णयाने जे देणे तीस-चाळीस वर्षांनी फेडावे लागेल, त्याची आजची किंमत त्या राज्यांच्या वार्षिक हिशेबात खर्च म्हणून पडलेली नाही.